थंडीत बाहेर काम करायचंय? आधी घाम सांभाळा

स्वेटरमध्ये ऊब नसते. स्वेटर दगडावर पांघरून रात्रभर ठेवा, सकाळी दगड तितकाच गार लागतो. ऊब तयार होते ती आपल्या अंगात, खाल्लेल्या भाकरीतून. कपड्याचं काम एवढंच की तिला लवकर निसटू द्यायचं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की थंडीत काय घालावं याचे निम्मे प्रश्न सुटतात आणि आपल्याकडचे बरेचसे समज उलटेपालटे होतात.

सातारा-सांगलीत राहून कडाक्याच्या थंडीवर कशाला लिहायचं, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे पारा ८-१० अंशांवर आला तरी पेपरात बातमी येते. पण आपली माणसं खऱ्या थंडीत जातात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी एक तरी फौजी, आणि लेह, कारगिल, सियाचीन ही नावं साताऱ्याच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना तालुक्याच्या गावासारखी पाठ. शिवाय आपल्याकडची थंडी बेताची असली तरी काम ओल्यात चालतं. रात्री उसाला दारं धरून पाणी द्यायचं, पहाटे दहिवरात तोड करायची, उजाडायच्या आत द्राक्षबागेत फवारा मारायचा. ओल्या अंगाला १० अंशांची थंडीसुद्धा पुरून उरते. लेहला जानेवारीत रात्री पारा शून्याखाली १४-१५ अंशांपर्यंत जातो. तिथले नियम आणि आपल्या शिवारातले नियम एकच आहेत. फरक आहे तो चूक किती लवकर अंगावर येते, एवढाच.

अडवते ती हवा

शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. तोच माणूस खोरं घेऊन माती ओढायला लागला की आकडा ४००-५०० वॅटवर जातो. अंगाचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहायला हवं. ते ३५ च्या खाली गेलं की गडबड सुरू. म्हणजे हिशेब सरळ आहे: जेवढी उष्णता तयार होते तेवढीच बाहेर गेली पाहिजे, जास्तही नको आणि कमीही नको.

ही उष्णता अडवायचं काम धागा फारसं करत नाही. धाग्यांच्या मधे अडकलेली, न हलणारी हवा ते काम करते. हवा उष्णतेला फार सावकाश पुढे जाऊ देते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं. म्हणून कपडा किती जड आहे यापेक्षा तो अंगावर किती जाड, किती सैल आणि किती कोरडा राहतो याला किंमत. मापाला घट्ट झालेला जुना स्वेटर ताणून चढवला की त्यातली हवा दबून जाते आणि स्वेटर असून नसल्यासारखा होतो. उलट दोन पातळ, सैल कपडे एकावर एक घातले की त्यांच्या मधली हवाही कामाला येते.

कपड्याची ऊब मोजायचं एक माप आहे, त्याला ‘क्लो’ म्हणतात. अमेरिकेत १९४१ साली ते ठरवलं गेलं. साधारण २१ अंशांच्या खोलीत निवांत बसलेल्या माणसाला ना गरम ना गार वाटावं, एवढा पोशाख म्हणजे १ क्लो. माप ठरवताना माणूस बसलेला धरला होता, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. खुर्चीत बसून थंडीला पुरेल तो पोशाख घालून कुणी ऊस तोडायला लागला तर पंधरा-वीस मिनिटांत तो घामानं भिजेल, आणि खरी अडचण तिथून सुरू होईल.

अर्धा लिटर घामाची किंमत

घाम सुकताना अंगाची उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यात हीच गोष्ट आपल्याला वाचवते, हिवाळ्यात तीच मारते. एक किलो घाम सुकायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. समजा कामाच्या भरात अर्धा लिटर घाम आला, तो बनियनमध्ये मुरला आणि काम थांबल्यावर अंगावरच वाळायला लागला. तो वाळवायला १,२०० किलोज्यूल खर्च होणार. त्यातली बरीचशी उष्णता तुमच्या कातडीखालून जाणार. शांत बसलेलं शरीर एवढी उष्णता तयार करायला तीन तासांहून जास्त वेळ घेतं. काम थांबल्यावर दहा मिनिटांत हुडहुडी का भरते, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

ऊसतोडीच्या फडात पहाटे गेलात तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. बायकांच्या अंगावर लुगडं किंवा साडी, त्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल. पाचटावरचं दहिवर साडीला लागून पोटऱ्यांपर्यंत कापड ओलं झालेलं, त्याला माती चिकटलेली. कोयता चालू आहे तोवर थंडीचं नाव नाही. मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं आणि गाडी भरायची. पाठ घामानं थबथबते. गाडी भरून झाली की मात्र तशाच ओल्या अंगानं ट्रॉलीच्या कडेला बसून कोपीकडे निघायचं. ट्रॅक्टर चालू झाल्यावर वारा लागतो, आणि दिवसातली सगळ्यात वाईट थंडी त्या वेळी वाजते. पहाटे चार वाजता पारा कमी असतो, पण अंग कोरडं असतं. सात-आठला ऊन आलेलं असतं, पण अंग ओलं असतं.

यावर उपाय फार साधा आहे. काम सुरू करायच्या आधी एक कपडा उतरवून ठेवा. सुरुवातीची दहा मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. निघतानाच छान ऊबदार वाटत असेल तर कपडा जास्त झालाय. काम करता करता पाठ ओली व्हायला लागली की गळ्याची बटणं उघडा, टोपी काढा, बाह्या सारा. काम थांबलं की लगेच उतरवलेला कपडा चढवा. थंडी वाजायची वाट बघत बसलात तर तोवर बरीच ऊब निघून गेलेली असते. आणि पिशवीत एक कोरडा बनियन किंवा पोलका हवाच. भर थंडीत ओलं काढून कोरडं घालायचा कंटाळा येतो, लाजही वाटते. बायकांना फडात आडोसाच नसतो, ही अडचण खरी आहे. पण वरून एक स्वेटर जास्त घालण्यापेक्षा आतला ओला कपडा बदलणं जास्त उपयोगी पडतं.

तीन थर, आणि कबड्डीची जर्सी

फौजेत बर्फाळ भागात जाणाऱ्यांना थराथरांचे कपडे मिळतात. सियाचीनवर १९८४ च्या एप्रिलपासून आपलं सैन्य आहे. तिथे पारा शून्याखाली ५० अंशांपर्यंत जातो आणि गोळीबारापेक्षा हवामानानं जास्त जवान गेले आहेत. त्या कपड्यांमागची कल्पना मात्र कुणालाही वापरता येईल अशी आहे. अंगालगतचा थर घाम ओढून बाहेर काढणारा, मधला थर हवा धरून ठेवणारा, वरचा थर वारा-पाऊस अडवणारा. तिघांची कामं वेगळी. एकाच जाडजूड कोटाकडून तिन्ही करून घ्यायला गेलं की तो कोट काढला तर माणूस गारठतो आणि ठेवला तर घामानं भिजतो.

अंगालगतच्या थरात आपलं सगळ्यात मोठं चुकतं. आपण घालतो सुती बनियन. सूत पाणी पितं, धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि त्यातली हवेची जागा पाण्यानं भरते. उन्हाळ्यात सुतासारखं कापड नाही; घाम गाळणाऱ्याला थंडीत मात्र ते शत्रू. पॉलिस्टर उलट वागतं. धागा स्वतः जवळजवळ पाणी घेत नाही, त्यामुळे घाम कापडावर पसरतो आणि लवकर उडून जातो. गावच्या कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या स्पर्धेत वाटलेली, पाठीवर प्रायोजकाचं नाव छापलेली जाळीदार जर्सी आठवते ना? थंडीत काम करताना आतून घालायला ती फार चांगली. कुबट वास येतो हे खरं. धुवून वाळवली की झालं, आणि ती वाळतेही लवकर.

बाजारात ‘थर्मल’ म्हणून जे मिळतं त्यात सुतीही असतं आणि पॉलिस्टरचंही. लेबल वाचा. सुती थर्मल झोपायला किंवा राखणीला बसायला ठीक, खोरं ओढायला नको.

मधल्या थराला लोकर किंवा फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरचं मऊ, केसाळ कापड. लोकरीची खासियत अशी की ती आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा धाग्याच्या आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय धाग्याला अंगची वळणं असतात, त्यामुळे ओली झाली तरी ती सुतासारखी चपटी पडत नाही. फ्लीस स्वस्त, हलकं आणि लवकर वाळणारं, पण वारा त्यातून आरपार जातो आणि ठिणगी पडली की भोक पडतं. पिसांची जॅकेटं सगळ्यात हलकी आणि कोरड्या थंडीत अप्रतिम. ती भिजली की मात्र पिसांचा गोळा होतो आणि ऊब गेली. लडाखच्या कोरड्या हवेत ती चालतात, फवारणीच्या पाण्यात नाही.

इथे घोंगडीबद्दल बोलायलाच हवं, कारण आटपाडी, जत, माण, खटावकडच्या कुणालाही ऊब म्हटलं की तीच आठवते. दख्खनी मेंढीची लोकर, सनगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. ती लोकर जाडीभरडी असते, म्हणून टोचते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड धाग्याची टोकं कातडीला बोचतात, आणि मेरिनोसारखी मऊ लोकर त्याहून बारीक असते. पण या जाडेपणामुळेच घोंगडी दबत नाही. धनगर तिची खोळ करून पावसातही उभा राहतो. मात्र घोंगडी हा उभ्या माणसाचा, मेंढरांमागं सावकाश चालणाऱ्या माणसाचा कपडा आहे. ती जड असते, हात मोकळे राहत नाहीत, भिजली तर वाळायला दिवस जातो. घोंगडी पांघरून कुणी दारं मोडत नाही.

तिचा सगळ्यात चांगला उपयोग पांघरायला नाही, अंथरायला आहे. आपण पांघरुणं दोन घेतो आणि खाली एक पातळ सतरंजी टाकतो. गार जमीन अंगातली उष्णता सतत ओढत असते. मऊ गोधडी अंगाखाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते. घोंगडी तेवढी दबत नाही. मळ्यात राखणीला झोपणाऱ्यानं पाचट पसरून त्यावर घोंगडी टाकावी आणि मगच पांघरुणाचा विचार करावा. तंबूत झोपणाऱ्यालाही हेच लागू, फक्त पाचटाच्या जागी फोमची चटई.

वरचा थर म्हणजे विंडचीटर किंवा रेनकोट. प्लास्टिकचा रेनकोट वारा पूर्ण अडवतो, पण घामाची वाफही आतच ठेवतो. एक तास काम करून काढलात तर आतल्या बाजूला पाणी साचलेलं दिसेल. महागड्या जॅकेटांत एक बारीक छिद्रांचा पडदा असतो. छिद्रं पाण्याच्या थेंबाला फार लहान, वाफेला भरपूर मोठी. तसा पडदा १९६९ साली अमेरिकेत सापडला आणि त्यावर पुढे मोठा धंदा उभा राहिला. ते जॅकेट परवडत नसेल तर साधं विंडचीटर घ्या आणि कष्टाचं काम चालू असताना गळ्याची चेन अर्धी उघडी ठेवा. काम भागतं.

वारा

अंगालगत तापलेल्या हवेचा एक पातळ थर आपण सतत बाळगून असतो. वारा तो उडवून नेतो. पारा तेवढाच, पण थंडी जास्त, ती यामुळे. अंटार्क्टिकावर १९४० च्या सुमारास दोन अमेरिकन संशोधकांनी पाणी गोठायला वाऱ्यात किती वेळ लागतो ते मोजून याचा पहिला हिशेब मांडला. आता कॅनडा आणि अमेरिकेत २००१ सालचं सूत्र वापरतात. त्या सूत्रानं पारा शून्याखाली १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला शून्याखाली २० अंशांची थंडी लागते.

आपला हिशेब करू. जानेवारीत पहाटे दुधाचे कॅन लावून मोटारसायकल ताशी ४० नं निघाली, पारा १० अंश. कातडीला लागते ती सुमारे ६ अंशांची थंडी. आकडा घाबरवणारा नाही, पण गुडघे, छाती आणि बोटं यांच्यावर तो अर्धा-पाऊण तास सतत लागतो. लोकरीचा स्वेटर इथे एकटा कुचकामी, कारण वारा त्याच्या भोकांतून जातो. त्याच स्वेटरवर दोनशे रुपयांचं विंडचीटर चढवलं की फरक लगेच कळतो. तेही नसेल तर छातीवर, शर्टाच्या आत वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या. जुने मोटारसायकलवाले आणि सायकलवाले हे पूर्वीपासून करत आले आहेत आणि शास्त्राच्या कसोटीवर ते पूर्ण उतरतं.

चाळकेवाडी किंवा वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वारा आहे म्हणूनच तर चक्क्या तिथे उभ्या केल्या. जमिनीवर घाम आणि वर वारा, अशी त्यांची दुहेरी अडचण. शिडी चढताना विंडचीटर कमरेला बांधावं, वर पोहोचल्याबरोबर घालावं.

वारा नसला तरी एक थंडी असते, ती आभाळाची. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळ्याला दवबिंदू गोठतात, हिमकणांचे फोटो फिरतात आणि मग लोक विचारतात की पारा तर ५-६ अंश होता, बर्फ कसा झाला. निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडतात. त्यांच्यालगतची हवा गार होते, गार हवा जड म्हणून उतारानं सखल भागात येऊन साचते. तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतो, गवताचं पातं त्याहून कितीतरी गार झालेलं असतं. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पहाटे उकिडवं बसून फळं तोडणारी बाई अशा सगळ्यात गार थरात बसलेली असते, आणि उघड्या आभाळाखाली तिच्या अंगातली उष्णताही तशीच वर जात असते. म्हणून विश्रांतीला बसायचं तर झाडाखाली किंवा पत्र्याखाली बसावं आणि बुडाखाली पोतं घ्यावं.

हातापायांचं भारनियमन

थंडीत बोटं आधी का गारठतात? शरीर ठरवून तसं करतं. आतली उष्णता कमी पडायला लागली की हृदय, फुप्फुसं, मेंदू यांचा पुरवठा चालू ठेवण्यासाठी हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. शहराची वीज चालू ठेवून वाड्यावस्त्यांवर भारनियमन करावं, तसंच हे. म्हणून बोटं गार पडली की नुसते हातमोजे जाड करून भागत नाही. पोट-छाती, मान आणि डोकं झाका, जमलं तर काहीतरी खा, दहा पावलं चाला. आत पुरेसं झालं की शरीर बोटांचा पुरवठा परत सुरू करतं.

डोक्यातून अंगाची निम्मी उष्णता जाते असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. डोकं अंगाच्या साधारण दहावा भाग आहे आणि उष्णताही जवळपास त्याच हिशेबात जाते. पण डोक्याचं भारनियमन होत नाही, तिथला रक्तपुरवठा थंडीतही फारसा आटत नाही, म्हणून बाकी अंग झाकून डोकं उघडं ठेवणं महागात पडतं. माकडटोपीची कितीही थट्टा करा, कान-मान-डोकं एकदम झाकणारी आणि घडी करून खिशात मावणारी दुसरी वस्तू नाही.

हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारा मोजा जास्त ऊब देतो, पण त्यात नट फिरवता येत नाही. बर्फाळ भागात म्हणून दोन घालतात. आत पातळ पाच बोटांचा, वर जाड एकत्र बोटांचा. बारीक काम आलं की वरचा काढायचा, आतला राहू द्यायचा. उघडा, ओला हात शून्याखालच्या लोखंडाला लावला तर कातडी चिकटते. पेट्रोलची गोष्ट तर फारच वाईट. ते शून्याखाली २० अंशांनाही गोठत नाही आणि हातावर सांडलं तर त्या थंडपणानंच बोट पोळून निघतं. गाडी चालवायला लडाखकडे जाणाऱ्या पोरांना हे सांगून ठेवावं.

पायांबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडचं खरं दुखणं इथे आहे. जिथे अजून रात्रीची लाईट आहे तिथे माणूस बारा-एकला मोटार चालू करून सकाळपर्यंत सऱ्यांमधून फिरतो. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, म्हणून पाय पाण्यात असताना बरं वाटतं. बांधावर येऊन उभं राहिलं की ओल्या पायाला वारा लागतो. असं तासन् तास, रोज चाललं की बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, नंतर लाल होऊन चुरचुरतात. त्यासाठी पाय गोठावाच लागतो असं नाही, पारा १५ अंशांवर असतानाही ओल्या, गार पायाला हे होऊ शकतं. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांना यानं जायबंदी केलं, आणि त्या दुखण्याला नावही खंदकाचंच पडलं. गमबूट चांगले, पण आत पाय घामानं भिजतो. म्हणून मोज्यांचे दोन जोड सोबत हवेत. मध्यरात्री एकदा गमबूट काढा, पाय पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, दुसरा जोड घाला. मधुमेह असलेल्यांनी हे टाळूच नये, कारण पायाला काय होतंय हे त्यांना अनेकदा कळत नाही.

आणि बूट घट्ट असेल तर दोन मोजे घालून तो जास्त गार लागतो. बोटं दाबली जातात, रक्त फिरत नाही, मोज्यातली हवाही निघून जाते. थंडीचे बूट घ्यायला जाताना जाड मोजे घालून जावं आणि आत बोटं हलतील एवढं माप घ्यावं.

रम, बिडी, पाणी

फौजीच्या ट्रंकेतल्या रमची ख्याती मोठी आहे. घोट घेतला की गरम वाटतं हेही खोटं नाही. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं. वाटतं ऊब आली, प्रत्यक्षात ती निघालेली असते. काम संपवून बराकीत, पांघरुणात शिरल्यावर घेणं वेगळं आणि बाहेर पहाऱ्यावर जायच्या आधी घेणं वेगळं. बिडी-तंबाखूचं उलटं. निकोटीननं वाहिन्या आक्रसतात, बोटांचा पुरवठा आणखी कमी होतो. शेकोटीशी बसून बिडी ओढणाऱ्याचे तळवे गरम होतात आणि बोटांची टोकं गार राहतात.

खाणं मात्र सोडू नका. पहाटे नुसत्या चहावर फडात जाण्यापेक्षा शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ खाऊन जाणं बरं. आणि पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासातून पाणी जातच असतं. लडाखच्या उंचीवर तर जास्तच.

धोका कसा ओळखायचा

अंग थरथरतं ते स्नायूंनी उष्णता तयार करण्यासाठी. जोरात थरथरताना शरीर विश्रांतीच्या चार-पाच पट उष्णता तयार करू शकतं. म्हणजे थरथरणं हा इशारा आहे, अजून वेळ गेलेली नाही. हातातून वस्तू पडायला लागल्या, बटण लावता येईना, बोलणं अडखळायला लागलं, माणूस चिडचिडा किंवा गप्प झाला, तर ते पुढचं पाऊल. आणि थरथर थांबली पण माणूस सुस्तावला, तर ‘आता बरं वाटतंय’ असं समजू नका. तातडीनं आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, खाली काहीतरी अंथरा आणि दवाखाना गाठा. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तरच गरम, गोड चहा द्यायचा. हे १० अंशांतही होतं. वळवाच्या गारपिटीत भिजलेल्या मेंढपाळाला, बागेत भिजून फवारणी करणाऱ्यालाही होऊ शकतं.

बर्फात काम करणाऱ्यांना दुसरा धोका असतो, कातडी गोठण्याचा. नाक, गाल, कान, बोटं. आधी झोंबतं, मग झोंबायचं थांबतं आणि तो भाग मेणासारखा पांढरट दिसायला लागतो. स्वतःला नाकावरचा पांढरा डाग दिसत नाही, म्हणून दोघा-दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचं. गोठलेला भाग चोळायचा नाही, बर्फानं तर मुळीच नाही. शेकोटीवर धरायचा नाही, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. डॉक्टर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात तो गरम करतात. आणि वाटेत तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर गरमच करायचा नाही. एकदा सुटून परत गोठला तर बोट हातचं जातं.

शेकोटीबद्दल राहिलंच. तासगाव-मिरजेकडे कडाका वाढला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तिथे आभाळ मोकळं असतं. पण पाचटाच्या कोपीत, बंद तंबूत किंवा खिडक्या लावलेल्या खोलीत रात्री निखाऱ्यांची पाटी ठेवून झोपणं जिवावर बेततं. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून, लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. लडाखमधली बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, तीही नीट धुराडं नसेल तर तेच करते. झोपायच्या आधी विस्तव बाहेर काढा. बुखारी चालू ठेवायचीच असेल तर धुराडं मोकळं आहे ना ते बघा आणि खिडकीची फट उघडी राहू द्या. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, शेजारचे हाक मारूनही जागे होईनात, तर आधी दार उघडून सगळ्यांना बाहेर ओढा. पांघरुणं मागून आणता येतात.